ताटावरचा पहारा उठवा

डॉक्टरबाई, नमस्कार.

माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, चौथीत शिकतो. घरी त्याला बाबू म्हणतो. तो जेवतच नाही. दुपारी एकला शाळेतून येतो, ताट वाढलेले असते, पण दोन वाजले तरी पहिल्या चार घासांवरच असतो. घास गालात धरून बसतो, गिळत नाही. शेवटी सासूबाई मोबाईल लावून देतात आणि भरवतात, तेव्हा कुठे थोडा भात पोटात जातो. मासे तळलेलेच हवेत. शिवराकाच्या (बिनमासळीच्या जेवणाच्या) दिवशी तर विचारूच नका. वजन २४ किलो आणि उंची १२९ सेंटीमीटर. गेल्या वर्षी याच सुमारास साडेएकवीस किलो आणि १२३ सेंटीमीटर होती. चतुर्थीला घरी आलेला प्रत्येक जण म्हणाला, "आई खायला घालत नाही काय रे?" तीन टॉनिके चालू आहेत, दोन वेळा दुधात पावडर घालून देते. सासूबाईंनी दृष्टही काढली.

दुसरे म्हणजे, जुलैपासून रोज सकाळी पोटात दुखते म्हणतो. बेंबीपाशी हात धरून बसतो. लघवी, शौच तपासून झाले, सोनोग्राफी झाली, काही निघाले नाही. रविवारी दुखत नाही, म्हणून घरात सगळे म्हणतात नाटक करतो. त्याचे बाबा जूनमध्ये बोटीवर गेले. त्यांचा फोन रात्री साडेदहाला येतो, त्यामुळे झोपायला अकरा होतात. सकाळी सहाला उठवावे लागते, सातला बालरथ (शाळेची बस) येतो. बालरथातली मोठी मुले त्याला काडी पहिलवान म्हणतात.

कोणते टॉनिक चांगले? पणजीला आहारतज्ज्ञाकडे न्यावे का?

— एक आई, डिचोली तालुका

ताई,

बाबूचे वजन ठीक आहे. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचे तुम्हाला शांतपणे वाचता येईल. तुम्ही दोन्ही वर्षांचे आकडे लिहिलेत हे फार बरे केलेत, कारण एका दिवसाच्या वजनावरून काहीच ठरत नाही, वाढीवरून ठरते. पाच वर्षांनंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढते आणि वजनात दोन-तीन किलोंची भर पडते. बाबू सहा सेंटीमीटर वाढला आणि अडीच किलोही. जे मूल खरोखर जेवत नाही, त्याला हे जमत नाही. बाबू अंगाने बारीक आहे, एवढेच. त्याच्या बाबांचा चौथीतला फोटो असेल तर काढून पाहा. तीन-चार महिन्यांनी त्याच काट्यावर वजन करा, उंची दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने मांडा आणि मधल्या काळात काटा विसरून जा. वर्षभरात उंची चार सेंटीमीटरही वाढली नाही, किंवा वजन उलट उतरले, तर मात्र तपासण्या लागतील.

म्हणजे तो पुरेसे खातो आहे. मग दुपारी का खात नाही? मला वाटते, दुपारी त्याला भूकच नसते. सकाळी पावडरचे दूध झालेले असते. तुम्ही लिहिले नाही, पण आपल्याकडे बहुतेक शाळांत बचत गटाच्या बायका माध्यान्ह आहार म्हणून पाव आणि भाजी देतात. बाबू ते खातो की नाही, एकदा सहज विचारा. शाळेत पाव-भाजी खाल्लेल्या मुलासमोर तास-दोन तासांत भात-हुमणाचे (मासळीच्या आमटीचे) ताट ठेवले तर तो घास गालात ठेवणारच. गिळायला जागा नाही आणि थुंकायची परवानगी नाही. मग करणार काय?

त्या एका तासात तुमच्या घरात काय चालत असेल, ते डोळ्यांसमोर आणा. तुम्ही समोर, आजी शेजारी, दोघींची नजर ताटावर. "हा एक घास बाबांचा. हा भटजींचा. हा शेवटचा." शेवटचा घास कधीच शेवटचा नसतो, हे मुलांना तिसऱ्या वर्षीच कळते. मग मोबाईल येतो. मोबाईलवर बघताना तोंड आपोआप उघडते, घास जातो, आणि घरच्यांना वाटते की जमले. पण त्या वेळी मूल जेवत नसते, त्याच्यात अन्न भरले जात असते. पोट भरल्याची खूण त्याला कळत नाही आणि भूक लागल्याचीही नाही, कारण भूक लागायच्या आधीच कोणीतरी चमचा घेऊन बसलेले असते. शिवाय आणखी एक गोष्ट मुलांच्या चटकन ध्यानात येते: घरातल्या दोन मोठ्या बायका तासभर आपल्यापाशी बसून राहतात, त्या फक्त आपण न जेवल्यामुळे. बाबा लांब गेलेल्या मुलाला ही गोष्ट किती मोलाची वाटत असेल!

म्हणून पहिले काम हे की ताटावरचा पहारा उठवा. काय शिजवायचे, किती वाजता वाढायचे आणि कुठे बसून खायचे, हे तुम्ही ठरवा. त्यातले काय खायचे आणि किती, हे बाबू ठरवील. आपल्याकडे नेमके उलटे चालते: मूल "मला तळलेलेच हवे" म्हणून काय शिजवायचे ते ठरवते आणि आई "एवढे संपवच" म्हणून किती ते ठरवते. ही अदलाबदल थांबवली की अर्धी भांडणे मिटतात.

प्रत्यक्षात असे करा. दुपारचे जेवण एकऐवजी दोनला वाढा. घरी आल्यावर हातपाय धुऊ दे, कपडे बदलू दे, थोडा लोळू दे. सगळ्यांनी एकत्र बसा, तुम्हीही ताट घेऊन बसा. (बहुतेक आया मुलाचे झाल्यावर उभ्याउभ्या जेवतात. त्यामुळे मुलाने आईला भाजी खाताना कधी पाहिलेलेच नसते.) थोडे वाढा, अगदी डावभर. मोबाईल आणि टीव्ही बंद, मोठ्यांचाही. पंचवीस-तीस मिनिटांनी ताट उचला, भरलेले असो वा रिकामे. उचलताना शेरा नको, उसासा नको, शाबासकीही नको. पुढचे खाणे साडेचार-पाचला. मध्ये पाणी. चिवडा, बिस्किट, "निदान एक लाडू तरी खा" यातले काहीही नको.

पहिले आठ-दहा दिवस तो आताच्यापेक्षा कमी खाईल. हे आधीच सांगून ठेवते, कारण बहुतेक घरे चौथ्या दिवशी हार मानतात. चौथ्या दिवशी आजी म्हणतील, "पोर उपाशी निजले." एखाद्या जेवणाला कमी खाल्ल्याने हिंडते-फिरते, वाढीला लागलेले मूल आजारी पडत नाही. पुढच्या जेवणाला ते भरून काढते.

आता काय वाढायचे. इथे मात्र गोव्यात राहून आपण खाण्याची चिंता करतो, याची मला थोडी गंमत वाटते. उकड्या तांदळाची पेज सकाळी शाळेत जायच्या आधीसुद्धा चालते, सोबत लोणच्याची फोड किंवा काल उरलेले तोणाक (वाटणाची रस्साभाजी). मुलाला सकाळी घट्ट काही गिळवत नाही, पेज मात्र उतरते. नाचणीचे तिजण (पातळ लापशी) आठवड्यातून दोन-तीनदा करा. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते आणि तेवढ्याच दुधात सव्वाशेच्या आत. मासळीत लोकांचा जीव इसवणात (सुरमईत) अडकलेला, पण मुलांच्या दृष्टीने स्वस्तातले तारले आणि बांगडे कमी नाहीत. मेंदूला आणि डोळ्यांना लागणारी ओमेगा-३ चरबी त्यांत भरपूर असते. तळलेलाच हवा म्हणतो तर आठवड्यातून दोनदा तळा, बाकीच्या दिवशी हुमण. हुमणातला खात नसेल तर नुसते हुमण-भात खाऊ दे, तुकडा ताटात असू दे. नवा पदार्थ पहिल्यांदा नाकारणे हा मुलांचा धर्म आहे. दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर एखाद्या दिवशी हात जातो, तोही कोणी बघत नसेल तर.

शिवराकाच्या दिवशी काय, हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. अळसांद्यांचे (गावठी चवळीचे) तोणाक, मुगागाठी (मोडाच्या मुगांची आमटी), कुळथाची पिठी, तांबडी भाजी. यात प्रथिनेही आली आणि लोहही. लोह अंगी लागायला आंबट लागते, म्हणून वर लिंबू पिळा किंवा जेवणानंतर पेरूची फोड द्या. चहा मात्र जेवणाच्या आसपास नको, तो लोह अडवतो. नऊ वर्षांच्या मुलाला चहाची गरज तरी काय?

दुधाची पावडर बंद केलीत तरी चालेल. डब्यामागचा तक्ता वाचा. शंभर ग्रॅममध्ये साखर किती ते दिलेले असते. चार ग्रॅम म्हणजे एक चमचा असा हिशेब धरा, आणि वरून तुम्ही साखर घालत असाल तर तीही मोजा. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले की असली पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखाली दाखवू नका. जाहिरातीतला मुलगा उंच दिसतो, कारण उंच मुलालाच जाहिरातीत घेतात. साधे दूध दिवसातून एक-दोन कप पुरे, आणि तेही जेवणाच्या तोंडावर नको.

टॉनिकांबद्दल थोडे स्पष्टच लिहिते. तिन्ही बाटल्या शेजारी शेजारी ठेवा आणि मागचे बारीक अक्षर वाचा. एकीवर सायप्रोहेप्टाडिन असे लिहिलेले असण्याची बरीच शक्यता आहे. ते मूळचे ॲलर्जीचे औषध. त्याने भूक वाढते हे खरे, पण गुंगीही येते, आणि औषध थांबले की भूक परत होती तिथे. आधीच झोप अपुरी असलेल्या मुलाला ते देऊन वर्गात बसवायचे, हे मला पटत नाही. उरलेल्या दोन्हींत लोह असेल तर त्याला दुप्पट लोह जाते आहे, आणि जास्तीच्या लोहाने पोट दुखते, शौचाला कडक होते. म्हणजे पोटदुखीचा एक धागा तुमच्या फडताळातच असू शकतो. डॉक्टरांना बाटल्या दाखवून विचारा, की यातले नेमके कशासाठी आहे? हिमोग्लोबिन तपासलेले नसेल तर ते तपासून घ्या. या वयात साडेअकराच्या खाली असेल तर लोहाचा उपचार करावा, मोजून, ठरावीक काळ. नसेल तर दुकानातून आणलेल्या बाटलीची गरज नाही. जंताची गोळी वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळेत देतात. ती चुकवू नका, म्हणजे "जंत असतील" हा शेजारचा सल्लाही निकाली निघेल.

दृष्ट काढली याबद्दल मला काही म्हणायचे नाही. मीठ-मिरचीने पोटाला अपाय होत नाही आणि आजींना बरे वाटते.

आता पोटदुखी. तुमच्या पत्रात ती "दुसरे म्हणजे" म्हणून आली आहे. मी असते तर तिथूनच सुरुवात केली असती.

बाबू नाटक करत नाही. रविवारी दुखत नाही म्हणजे खोटे दुखते, हा निष्कर्ष घाईचा आहे. आतड्यांना स्वतःचे मज्जातंतूंचे जाळे असते आणि त्याचा मेंदूशी सतत संवाद चालू असतो. परीक्षेच्या दिवशी आपल्यालाही दोनदा धावावे लागायचे, ते याच कारणाने. काही मुलांत हा संवाद जरा जास्तच तीव्र असतो. मनात धाकधूक असली की आतड्याची नेहमीची हालचालही दुखणे म्हणून जाणवते. दुखणे खरे असते, सोनोग्राफीत फक्त दिसत नाही. शाळकरी वयात बेंबीभोवतीचे असे दुखणे अतिशय सामान्य आहे.

तरीही काही गोष्टींवर नजर असू द्या. दुखण्याने रात्री झोपेतून जाग येणे, दुखणे बेंबीपासून दूर एका बाजूला असणे, हिरवी उलटी किंवा सतत उलट्या, शौचातून रक्त, वारंवार ताप, लघवीला जळजळ, सांधे सुजणे, वजन उतरणे यातले काही दिसले तर थांबू नका, डॉक्टरांकडे जा. आणि दुखणे उजवीकडे खाली सरकून वाढतच गेले, चालताना मूल वाकू लागले, तर त्याच रात्री इस्पितळ गाठा. तुमच्या पत्रातल्या वर्णनात यातले काही नाही.

एक साधे कारण मात्र आधी तपासा. बाबू शौचाला कधी जातो? सहाला उठतो, सातला बालरथ. मधल्या घाईत बसायला वेळ नाही. शाळेतल्या संडासात मुले जात नाहीत, का जात नाहीत हे शाळेत जाऊन एकदा पाहिलेत की कळेल. दुपारपर्यंत रोखून धरायचे, मग ती भावनाच निघून जाते. पोटात साचत राहते, सकाळी कळ येते. रोज जातो म्हणून बद्धकोष्ठ नाही असे नसते. कडक, मोठे आणि जोर करून होते का, ते विचारा. उपाय फुकटचा आहे. पेज किंवा कोमट काही पोटात गेल्यावर आतडी जागी होतात, तेव्हा दहा मिनिटे निवांत बसू द्या. कमोड असेल तर पायांखाली छोटे स्टूल ठेवा, लोंबकळत्या पायांनी जोर लागत नाही. आणि पाण्याची बाटली शाळेतून भरलेली परत येते का, तेही पाहा.

एवढे करूनही सोमवार ते शनिवार दुखतच राहिले तर शाळेकडे बघा. बालरथातल्या त्या 'काडी पहिलवान'कडे तर आजच बघा. तुम्ही ते पत्रात जाता जाता लिहिलेत. बाबूसाठी ते रोज सकाळी सातचे काम आहे. मोठ्या मुलांमध्ये, बंद गाडीत, वीस-तीस मिनिटे. पोट नेमके त्याच्या आधी दुखते. आणि रागावू नका, पण चतुर्थीला तुमच्या घरात पाहुण्यांनी त्याच्यासमोर जे केले ते काय वेगळे होते? "आई खायला घालत नाही काय रे?" या एका वाक्याने तुमचाही अपमान झाला आणि त्याच्या शरीराचाही. पुढच्या वेळी कोणी बोलले तर हसत सांगा, "डॉक्टरांनी बघितलाय, वाढ उत्तम आहे," आणि विषय बदला. बाबूला हे ऐकू आले पाहिजे. घरात त्याच्या वजनाची चर्चा त्याच्यासमोर बंद. आजीनेही, मावशीनेही, फोनवरसुद्धा.

शाळेत वर्गशिक्षिकांना भेटा. तक्रारीच्या सुरात नको. बालरथात ड्रायव्हरशिवाय मदतनीसही असतो. बाबूला त्यांच्याजवळच्या पुढच्या बाकावर बसवायला सांगा आणि चिडवणाऱ्यांशी शिक्षिकांनी परस्पर बोलावे असे सुचवा. बाबूचे नाव घेऊन सगळ्यांसमोर "याला कोण चिडवतो?" असे व्हायला नको, नाहीतर दुसऱ्या दिवशी दुप्पट होते. फरक पडला नाही तर मुख्याध्यापकांकडे जा, मग पालक-शिक्षक संघाकडे.

त्याच्याकडून काढून घ्यायचे असेल तर समोर बसवून उलटतपासणी करू नका. मुले खांद्याला खांदा लावून बोलतात, डोळ्याला डोळा भिडवून नाही. स्कूटरवर मागे बसलेला असताना, अळसांदे सोलताना, अंधारात अंथरुणावर. "शाळेत काय झालं?" याला उत्तर "काही नाही" असते. "आज बालरथात तू कुठे बसलास?" याला उत्तर येते.

आणि सकाळी दुखले की काय करायचे? पोटावरून हात फिरवा, म्हणा, "दुखतंय ना, मला माहीत आहे. थोड्या वेळाने कमी होईल." मग शाळेत पाठवा. ताप नाही, उलटी नाही, तर शाळा चुकवायची नाही. हे निष्ठुर वाटते, पण घरी ठेवलेल्या दिवशी दहाला पोट थांबते, अकराला मोबाईल हातात येतो, आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आणखी अवघड होते. "दुखतंय का?" असे स्वतःहून विचारू नका. तो सांगेल तेव्हा ऐका.

त्याच्या बाबांबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात. जूनमध्ये ते गेले, जुलैत पोट दुखायला लागले. गोव्यात बोटीवर जाणाऱ्यांची घरे इतकी आहेत, की आपण ते जाणे रोजचे समजतो. नऊ वर्षांच्या मुलाला ते रोजचे नसते. फोन हवाच. पण रात्री साडेदहाचा फोन त्याची झोप खातो आहे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप लागते, बाबूला सात मिळते. झोप अपुरी राहिली की चिडचिड होते, वर्गात लक्ष लागत नाही, पोटही जास्त दुखते.

त्यामुळे रोजचा फोन बदला. बोटीवरचे वाय-फाय आणि ड्युटी यांचा मेळ घालणे सोपे नाही, हे मला कळते. बाबांनी त्यांच्या वेळेला दोन-तीन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवावा, बाबूने तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐकावा आणि आपला संदेश पाठवावा. शनिवारी रात्री समोरासमोर फोन, हवा तेवढा उशिरापर्यंत. निजायची वेळ दर दोन-तीन दिवसांनी पंधरा मिनिटांनी अलीकडे आणा, नऊपर्यंत. फोन झोपायच्या खोलीत नको. आणि बाबांना सांगा, "जेवलास काय?" हा पहिला प्रश्न सोडून द्या. समुद्रावरूनही ताटावर पहारा चालू आहे असे त्याला वाटायला नको. आज बंदर कोणते होते, खिडकीतून काय दिसले, तुझ्या संघात गोलकीपर कोण, असे काही बोलावे. परतीची तारीख नक्की नसेल तर नक्की सांगू नये, महिना सांगावा. तारीख हुकली की मुले ते बराच काळ विसरत नाहीत.

खेळाबद्दल फार लिहीत नाही. रोज तासभर घाम येईपर्यंत पळायला हवे, आणि उजेडात, डोळ्यांसाठीसुद्धा. बाहेर कमी खेळणाऱ्या मुलांना चष्मा लवकर लागतो. चौथीच्या मुलाला शिकवणी असेल तर काढून टाका. भातकापणीनंतर शेते मोकळी झाली की गावातली पोरे फुटबॉल घेऊन उतरतातच, तिथे त्याला जाऊ द्या. तिथून आला की रात्रीचे जेवण वाढून बघा.

राहिल्या सासूबाई. त्यांच्याशी भांडून यातले काही होणार नाही. त्यांनी पाच-सहा वर्षे या मुलाला भरवले आहे. ते काम काढून घेतले तर त्यांनी करायचे काय? त्यांना दुसरे काम द्या. सकाळची पेज त्यांची, संध्याकाळचे तिजण त्यांचे, रात्री निजताना गोष्ट त्यांची. गोष्टीला मोबाईल लागत नाही. आणि "भरवू नका" हे तुम्ही सांगण्यापेक्षा त्यांच्या मुलाने फोनवर सांगितले तर ते सुनेचे बोलणे ठरत नाही.

तुम्ही स्वतःबद्दल काहीच लिहिले नाहीत. नवरा समुद्रावर, घरात सासू, मुलाच्या वजनावरून नातेवाइकांत बोलणी, आणि सगळ्या निर्णयांची जबाबदारी तुमच्यावर. आई सतत घाबरलेली असली की मुलाचे पोट ते ओळखते. कोणाशी तरी बोलावेसे वाटले तर केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य आहे, मराठीतही बोलता येते. बाबूचे दुखणे महिना-दीड महिन्यात कमी झाले नाही, किंवा तो शाळेत जायलाच नकार देऊ लागला, गप्प गप्प राहू लागला, तर समुपदेशकाची मदत घ्या. पर्वरीची 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून गोव्यात मुलांच्या विकासावर आणि मानसिक आरोग्यावर काम करते. बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) बालरोग विभाग आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी द्यायला सांगा.

आहारतज्ज्ञाकडे आता नको. बाबूला आहाराचा तक्ता मिळाला की घरात पहारेकरी आणखी एक वाढेल. हिमोग्लोबिन कमी निघाले, किंवा पुढच्या मोजमापात उंची अडकलेली दिसली, तर जरूर जा. जाताना दोन वर्षांचे आकडे, रक्ताचा कागद आणि तिन्ही बाटल्या पिशवीत घाला, आणि बाबूला त्या वेळी शाळेत असू द्या.